हैतीची काळी डुकरं

"डुकरांवर लेख? आणि तोही श्रावणात?" आमच्या वन्सं हे पान उघडल्या उघडल्या असं म्हणणार, हे मला आत्ताच ऐकू येतंय. वन्सं, विष्णूने वराहाचा अवतार घेतला तेव्हा महिना कोणता होता, हे कुणी विचारलं नव्हतं! आणि आजचा विषय खाण्याचा नाहीच मुळी. विषय आहे सरकारी नियमांचा. जन्मभर नियमांवर चालणाऱ्या शाळेत नोकरी केली, तेव्हा त्यावर चार शब्द लिहायचा मला अधिकार आहे असं समजते.

झालं असं, की गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी मुलाकडे होते, अमेरिकेत आयोवा राज्यात, एम्स नावाच्या गावी. चहूकडे नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. या राज्यात माणसांच्या साधारण सातपट डुकरं आहेत म्हणतात, पण रस्त्याने जाताना एकही दिसत नाही. सगळी लांबच लांब बंद शेडमध्ये. ऑगस्टमध्ये डे मॉइनला राज्याची मोठी जत्रा भरते, तिथे मात्र सर्वांत वजनदार डुकराची स्पर्धा असते आणि लोक रांगा लावून त्याला बघायला जातात. आम्हीही गेलो. म्हशीएवढं ते धूड पंख्याखाली आडवं पडून घोरत होतं. आमची नात खूश.

मुलाच्या शेजारी एक आजोबा राहतात, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, शेतावर वाढलेले. त्यांना जत्रेचं सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या लहानपणी डुकरांवर रोग यायचा तेव्हा घरात सुतक आल्यासारखं वाटायचं." मग बराच वेळ ते त्या रोगाबद्दल बोलत राहिले, आणि उठता उठता म्हणाले, "पुढे आमच्या इकडची डुकरं हैतीला पाठवली होती. तिथल्या लोकांना ती परवडली नाहीत."

एवढ्या एका वाक्यापायी मी उरलेली सुट्टी वाचनालयात घालवली. सूनबाई म्हणाली, "आई, लोक अमेरिकेला येऊन नायगारा बघतात हो!" असो.

आधी त्या आजोबांच्या रोगाबद्दल. त्याला तिकडे हॉग कॉलरा म्हणत. माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही, नुसतं नाव. (नावांचा घोटाळा आपल्याकडेही झाला. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा तो माणसाकडून माणसाला होत होता, आणि गावोगाव लोक बिचाऱ्या डुकरांकडे संशयाने बघत होते.) हॉग कॉलरा अमेरिकेत १८३० च्या दशकापासून नोंदलेला आहे. एकदा कळपात शिरला की गोठाच्या गोठा रिकामा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅरियन डॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणूमुळे होतो हे दाखवलं आणि १९०७ च्या सुमारास त्यावर उपायही काढला. कुठे, तर याच एम्स गावाच्या परिसरात! उपाय असा, की डुकराला एका बाजूला रोगप्रतिकारक सीरम टोचायचं आणि दुसऱ्या बाजूला रोगाचा जिवंत विषाणूच टोचायचा. सीरम त्याला वाचवतं आणि विषाणू त्याला जन्माचं संरक्षण देतो. लाखो डुकरं वाचली यामुळे. पण त्यात एक गोम होती. टोचायला जिवंत विषाणू लागायचा, म्हणजे तो बाटल्या भरभरून तयार करावा लागायचा, गावोगाव न्यावा लागायचा. जो इलाज डुकराला वाचवत होता तोच रोगाला मरू देत नव्हता.

पन्नास वर्षं हे असं चाललं. शेवटी १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने निर्मूलनाचा कायदा केला. त्यातले नियम वाचताना मला फार गंमत वाटली, कारण ते अगदी आपल्या शाळा तपासणीसारखे पायरीपायरीने जातात. आधी राज्याने तयारी दाखवायची, मग रोग कमी करून दाखवायचा, मग उरलेले उद्रेक जागच्या जागी संपवायचे, आणि शेवटी परत येऊ द्यायचा नाही. रोगी कळप सापडला की सगळा मारायचा, आणि मालकाला भरपाई द्यायची, केंद्र आणि राज्य मिळून. हॉटेलांचं खरकटं डुकरांना घालायचं असेल तर ते आधी उकळलं पाहिजे. (हा खरकट्याचा नियम थोडा आधीचा. १९५२ साली कॅलिफोर्नियातून निघालेल्या आगगाडीतल्या खरकट्यातून डुकरांचा एक वेगळाच रोग देशभर पसरला, तेव्हा राज्यांनी तो घाईघाईने केला.) आणि सगळ्यात अवघड नियम शेवटी: टोचणं बंद. ज्या सुईवर दोन पिढ्यांनी विश्वास ठेवला ती टाकून द्या, असं शेतकऱ्याला सांगायचं! आजोबांचे वडील त्या वेळी पशुवैद्याशी महिनाभर बोलत नव्हते म्हणे.

पण जमलं. शेवटची लागण १९७६ मध्ये न्यू जर्सीत सापडली, आणि ३१ जानेवारी १९७८ रोजी अमेरिका या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. सोळा वर्षं आणि सुमारे १४ कोटी डॉलर लागले. एवढा पैसा आणि एवढा वेळ का लागला, तर प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याला बरोबर घ्यावं लागलं. त्याची संघटना होती, त्याचं मत होतं, त्याचा आमदार होता. तो चिडला तर वॉशिंग्टनला ऐकू जायचं.

आता तारीख लक्षात ठेवा, १९७८ चा जानेवारी. त्याच वर्षी अमेरिकेच्या दाराशी दुसरा रोग येऊन उभा राहिला.

तो म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवर. नावात आणि लक्षणांत हॉग कॉलऱ्याचा भाऊ वाटतो, पण विषाणू अगदी निराळा. मूळचा पूर्व आफ्रिकेतला. तिथल्या रानडुकरांच्या आणि गोचिडांच्या अंगात तो गुपचूप राहतो, त्यांना फारसा त्रास देत नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केनियात पाळीव डुकरं आणली तेव्हा ती पटापट मरू लागली, आणि माँटगोमेरी या पशुवैद्याने १९२१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९५७ मध्ये तो पोर्तुगालला पोहोचला, लिस्बनच्या विमानतळाजवळ विमानांतलं खरकटं डुकरांना घातलं गेलं त्यातून. पुन्हा खरकटंच! खारवलेल्या मांसातसुद्धा हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. त्या काळी त्यावर ना औषध होतं ना लस. माणसाला त्याची बाधा होत नाही, डुक्कर मात्र सहसा वाचत नाही, आणि जे वाचतं ते पुढे रोग वाहत असण्याची भीती असते.

१९७८ मध्ये हा रोग एकाच वर्षात माल्टात, ब्राझीलमध्ये आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उगवला. माल्टाने आपल्या बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली. डॉमिनिकन रिपब्लिकनेही तोच मार्ग धरला. पण नकाशा काढून बघा. कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचं एक बेट आहे, त्याच्या पूर्वेकडे डॉमिनिकन रिपब्लिक आणि पश्चिमेकडे हैती. मधली सरहद्द डोंगराळ आणि भोकाभोकांची. पुढच्या वर्षी, १९७९ ला, रोग हैतीत आर्टिबोनाइट नदीच्या खोऱ्यात पोहोचला.

हैतीबद्दल आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एक ओळसुद्धा नव्हती, आणि मीही मुलांना कधी शिकवली नाही, याची मला आता खंत वाटते. गुलामांनी स्वतः बंड करून, नेपोलियनच्या फौजेला हरवून १८०४ साली स्वतंत्र केलेला तो देश. त्या बंडाची सुरुवात १७९१ च्या ऑगस्टमध्ये बुआ काइमां नावाच्या रानात एका रात्रीच्या विधीने झाली असं तिथली परंपरा सांगते, आणि त्या विधीत बळी दिला गेला तो काळ्या डुकराचा. म्हणजे आपल्याकडे शिवरायांच्या शपथेला जसं रोहिडेश्वराचं स्थान, तसं काहीसं तिथे या काळ्या डुकराचं.

हे डुक्कर देशी. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत या बेटावर डुकरं आणली, त्यांचे वंशज. जवळजवळ पाच शतकं त्या डोंगरात राहून ती तिथली झाली होती. लहानखुरी, काळी, चिवट. खायला काहीही चालायचं, गळालेले आंबे, केळीची सालं, उसाचं चिपाड, मातीतल्या अळ्या, उकिरडा. दोन-तीन दिवस काही मिळालं नाही तरी तग धरायची. छप्पर नको, औषध नको. पायाला दोरी बांधून झाडाला अडकवली की झालं. खेड्यांतल्या दहांतल्या आठ घरांत तरी अशी डुकरं असत. आणि ती रोजच्या खाण्यासाठी नव्हती बरं का! ती होती बँक. घरात मर्तिक झालं, लग्न निघालं, कुणाला दवाखान्यात न्यायचं आलं, पेरणीला बी हवं असलं की डुक्कर विकायचं. ऑक्टोबरात शाळा उघडली की मुलांच्या फीसाठी डुक्कर विकायचं. आपल्याकडे बायका अंगावर मणी-डोरलं ठेवतात ना, अडीनडीला मोडायला, तसं. फरक एवढाच, की मणी-डोरलं पिल्लं देत नाही.

या बँकेवर आधी रोगाने घाला घातला. किती डुकरं गेली याचा नेमका हिशेब नाही, कारण मुळात किती होती हेच कुणी नीट मोजलेलं नव्हतं. दहा लाखांच्या वर असावीत, असा अंदाज. त्यांतली मोठी संख्या रोगाने आणि घाबरून केलेल्या विक्रीने संपली. मग एक गोष्ट घडली जी पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. साथ मंदावली. १९८१ उजाडेपर्यंत डुकरं पूर्वीसारखी पटापट मरेनाशी झाली. शेतकरी म्हणाला, चला, गेलं संकट, जी वाचली ती आता टिकतील.

आणि इथेच शास्त्र आणि शेतकरी यांची गाठ पडली. शास्त्र म्हणत होतं की साथ मंदावली म्हणजे संपली नव्हे, उलट आता ती जास्त धोक्याची आहे. मरणारं डुक्कर दिसतं, जगलेलं आणि विषाणू बाळगणारं दिसत नाही. त्यातलं एक बोटीत बसून फ्लॉरिडाला पोहोचलं तर अमेरिकेचा अब्जावधींचा धंदा धोक्यात. हे चूक होतं का? मी कितीही सहानुभूतीने वाचलं तरी मला ते चूक म्हणता येत नाही. विषाणू कुणाची गरिबी बघत नाही. डोंगरातल्या झोपडीझोपडीत जाऊन प्रत्येक डुकराचं रक्त तपासायला हैतीत प्रयोगशाळा नव्हत्या, रस्ते नव्हते, पशुवैद्यही नव्हते. मग उरला एकच नियम, सोपा आणि सरसकट: हैतीतलं प्रत्येक डुक्कर मारायचं. रोगी असो वा निरोगी.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी पैसा घातला, सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर. हैतीत राज्य होतं ज्यां-क्लोद दुव्हालिए याचं, म्हणजे 'बेबी डॉक'चं. बापाच्या मागून एकोणिसाव्या वर्षी आजन्म राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ! त्याच्या सहीने योजना मंजूर झाली. तिचं फ्रेंच नाव लांबलचक आहे, आद्याक्षरं घेऊन लोक 'पेपाडेप' म्हणत. नावातच दोन कामं होती, रोगाचं निर्मूलन आणि डुक्करपालनाचा विकास. १९८२ च्या मे महिन्यात कत्तल सुरू झाली आणि १९८३ च्या मध्यापर्यंत ती पूर्ण झाली. सुमारे ३ लाख ८० हजार डुकरं मारली गेली.

शेतकऱ्यांनी डुकरं लपवली, गुहांत नेली, रात्री डोंगरापलीकडे हाकलली. शोधपथकं मागे लागली. भरपाईचे दर डुकराच्या आकारमानावर ठरवलेले होते, कागदावर सगळं व्यवस्थित होतं. पण ती अनेकांच्या हातात पडलीच नाही, मधल्यामध्ये खाल्ली गेली, अशा तक्रारी तेव्हापासून आजतागायत चालू आहेत. आणि ज्यांना मिळाली त्यांना ती एकदाच मिळाली. बँक बंद करून तुमच्या खात्यातली शिल्लक एकदा हातावर ठेवली, पण नवीन खातं कुठे उघडायचं ते सांगितलं नाही, तर कसं होईल?

मग शहानिशा करायची एक नामी पद्धत असते. बाहेरून निरोगी डुकरं आणून देशभर मुद्दाम ठिकठिकाणी सोडायची, पहारेकऱ्यांसारखी. रोगाचा कण जरी कुठे उरला असला तरी ती आजारी पडतात आणि कळतं. हैतीतली पहारेकरी डुकरं ठणठणीत राहिली. १९८४ मध्ये हैती रोगमुक्त जाहीर झाला. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर शंभरपैकी शंभर.

आता योजनेच्या नावातलं दुसरं काम. रिकाम्या झालेल्या देशात नवी डुकरं आणायची होती, आणि ती आली कुठून, तर आयोवातून! तीच ती, गोरी-गुलाबी, लांबलचक, मक्यावर पोसलेली. ती घ्यायची तर अटी होत्या. सिमेंटची जमीन हवी, वर छप्पर हवं, स्वच्छ पाणी हवं, विकतचं खाद्य हवं, लशी हव्यात. ज्या माणसाच्या स्वतःच्या झोपडीला मातीची जमीन आणि गळकं छप्पर, आणि ज्याच्या बायकोला पाण्यासाठी दोन डोंगर उतरावे लागतात, त्याने डुकरासाठी सिमेंट घालायचं! पुढे हैतीचे अध्यक्ष झालेले ज्यां-बर्त्रां आरिस्टीड यांनी लिहून ठेवलंय, की या डुकराच्या खाद्याला वर्षाला ९० डॉलर लागत आणि देशातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न होतं वर्षाला १३०. हैतीच्या लोकांनी या पाहुण्यांना नाव दिलं, 'चार पायांचे राजपुत्र'. विनोद गरिबांकडेच जास्त शिल्लक असतो.

आरिस्टीड आणखी एक गोष्ट सांगतात. डुकरं गेल्यावर खेड्यांतल्या शाळांचा पट उतरला.

ते वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

माझ्या जुन्या सहकारी बायकांना आठवत असेल. १९८३ च्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा सातवीची वर्गशिक्षिका होते. गावाच्या टोकाला ओढ्यापलीकडे एक वस्ती होती, टोपल्या विणणाऱ्या आणि डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांची. त्या वस्तीतून सातवीपर्यंत आलेला एकच मुलगा माझ्या वर्गात होता. वर्गात मुलं त्याच्या शेजारी बसायला कां-कूं करत, आणि मी त्याला पहिल्या बाकावर बसवून स्वतःवर खूश असे. गणितात चांगला. सनावळ्या मात्र कधी पाठ व्हायच्या नाहीत. फी माफ होती, पण गणवेश, वह्या, पुस्तकं, कंपासपेटी... एकदा मी विचारलं, कसं करता रे तुम्ही? तर म्हणाला, "बाई, एक डुकरीण इकली की माझं वर्साचं निघतंया."

त्या पावसाळ्यात जिल्ह्यात मेंदूज्वराची भीती पसरली. डुकरांच्या अंगात तो विषाणू वाढतो आणि डासांमार्फत माणसाला होतो, हे शास्त्र खरंच आहे. नगरपालिकेने ठराव केला. एके दिवशी सकाळी बाहेरगावची माणसं जाळ्या आणि गाडी घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत वस्ती रिकामी करून गेली. पावती नाही, पैसे नाहीत. गावात सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. रस्ता स्वच्छ दिसायला लागला होता, आणि माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, डास चावला तरी काळजाचं पाणी व्हायचं. डुकरांचा आणि पहिल्या बाकाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी हैतीचं पुरं करू.

पाळायला डुकरं नाहीत आणि हातात पैसा नाही, तेव्हा डोंगरातली माणसं काय विकणार? झाडं. आधीच उघडे पडत चाललेले डोंगर कोळशासाठी आणखी उघडे पडले, असं अनेकजण मानतात. दुव्हालिएवर लोकांचा राग होताच, शंभर कारणांनी होता. पण आता सरकार प्रत्येक झोपडीच्या दारात येऊन झाडाची दोरी सोडून गेलं होतं. ७ फेब्रुवारी १९८६ ला बेबी डॉक देश सोडून पळाला. डुकरांमुळे पळाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण त्या काळावर लिहिणारे डुकरांचा विषय टाळून पुढे जात नाहीत.

तो पळाल्यावर शहाणपण सुचलं. फ्रेंच आणि हैतीच्या शेतीतज्ज्ञांनी एक नवी जात तयार केली, फ्रान्सच्या गास्कोन भागातलं काळं डुक्कर, चिनी डुक्कर आणि ग्वादलूप बेटावरचं देशी डुक्कर यांच्या संकरातून. पुन्हा काळं, पुन्हा लहानखुरं, पुन्हा उकिरड्यावर जगणारं. ते लोकांनी आनंदाने घेतलं. म्हणजे शेतकऱ्याला काय हवंय ते ठाऊक करून घेणं अशक्य नव्हतं. फक्त कत्तलीच्या आधी कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकारे हे झालं असतं का, याचं उत्तर स्पेनमध्ये मिळतं. तिथे हाच रोग १९६० पासून ठाण मांडून होता. १९८५ मध्ये त्यांनी नवी योजना आखली. युरोपच्या बाजारात मांस विकायचं होतं, त्यामुळे युरोपचा पैसाही मिळाला. सगळी डुकरं मारली नाहीत. पशुवैद्यांची फिरती पथकं नेमली, गोठ्यागोठ्यातून रक्ताचे नमुने घेतले, जिथे खूण सापडली तिथलाच कळप मारला, भरपाई दिली, आणि डुक्करपालकांचे गट करून त्यांच्याच हाती निगराणी सोपवली. दहा वर्षं लागली. १९९५ पर्यंत रोग गेला, आणि डोंगरउतारावर ओकची फळं खाणारं त्यांचं जुनं देशी काळं डुक्कर जिवंत राहिलं. हैतीचं काम वर्षभरात झालं होतं.

स्पेन आणि हैती यांची तुलना करणं अन्यायाचं आहे, हे मला कळतं. एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे धड रस्ता नाही. पण रोग ज्या भीतीने मारायचा होता ती भीती हैतीची नव्हती, अमेरिकेची होती. ज्याची भीती त्याने दहा वर्षांचा खर्च सोसायचा की ज्याचं डुक्कर त्याने एका वर्षात सोसायचं, एवढाच खरा प्रश्न होता, आणि तो सहीच्या कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. १९६१ च्या अमेरिकन कायद्यातले नियम आणि हैतीतले नियम शेजारी ठेवून पाहिले तर शास्त्र सारखंच आहे. आयोवातल्या शेतकऱ्याने सोळा वर्षं हुज्जत घातली म्हणून त्याच्या नियमांना भरपाईच्या ओळी, टप्पे, मुदती लागत गेल्या. हैतीच्या शेतकऱ्याची हुज्जत घालायची जागा म्हणजे गुहा.

आणि त्या शंभरपैकी शंभर गुणांचं काय झालं? १९९६ मध्ये हैतीत दुसरा डुक्करज्वर, म्हणजे अमेरिकेने घालवलेला तो हॉग कॉलरा, परत आला. आणि २०२१ च्या जुलैमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, सप्टेंबरमध्ये हैतीत, आफ्रिकन स्वाइन फीवरसुद्धा परत सापडला. जवळजवळ चाळीस वर्षांनी, त्याच बेटावर. या वेळी सगळी डुकरं मारा म्हणायला कुणी पुढे आलं नाही.

आपल्याकडे तो २०२० मध्ये आला. आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला, लॉकडाऊनच्या गडबडीत, म्हणून महाराष्ट्रात फारसं कुणाला कळलं नाही. पुढच्या वर्षी मिझोरममध्ये फार नुकसान झालं. तिथेही घरटी दोन-चार डुकरं, तिथेही तीच बँक. आपला नियम सरसकट नाही, बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारायची, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, आणि भरपाई केंद्राने आणि राज्याने अर्धी-अर्धी द्यायची. कागदावर तो मला हैतीपेक्षा कितीतरी शहाणा वाटला. भरपाई किती दिवसांत हातात पडते, हे मिझोरमच्या एखाद्या शिक्षिकेला विचारलं पाहिजे. तिच्या पटावर ते दिसेल.

तर तो मुलगा. डिसेंबरमध्ये मी एकदा वस्तीवर जाऊन आले. त्याची आजी टोपली विणत बसली होती. आई-बाप ऊसतोडीला गेले, पोरगाही गेला, म्हणाली. चहा ठेवू का म्हणाली. मी नको म्हटलं, घाईत होते. पुढे जून उजाडला तरी ते परतले नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी पट स्वच्छ करायला सांगितला. नाव कमी करताना कारण लिहावं लागतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहायची ठरावीक कारणं होती: स्थलांतर, दाखला नेला, मयत, सतत गैरहजर. मी 'सतत गैरहजर' लिहिलं आणि लाल शाईने नावावर रेघ मारली.